जर्सी कोण धुणार?

"आपल्या क्लबात कुणाला खेळायचे पैसे मिळतात का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि मगच ठिणगीच्या लक्षात आलं की आपण चक्क बाकावर चढून उभ्या आहोत. बाकावर चढायचं पैजेत नव्हतं. पैज इतकीच होती, की रविवारच्या सभेत, चहाचे कप फिरायच्या आधी, खणखणीत आवाजात विचारायचं. हरली तर महिनाभर पिन आणि गोगलगाय या तिच्या मैत्रिणींचे चिखलाचे बूट तिने घासायचे, जिंकली तर त्या दोघींनी तिचे. पण ठिणगीचं हल्ली असंच व्हायचं. कुणी बोटभर जागा दिली की ती हातभर पुढे जायची.

पत्र्याच्या छपराखालच्या त्या लांबट खोलीत चाळीसेक माणसं होती. चाळीसच्या चाळीस माना तिच्याकडे वळल्या. कोपऱ्यातलं चहाचं भांडं खदखदत होतं.

टेबलामागे बाबा बसले होते. बाबा म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी. पोटासाठी नळ दुरुस्त करायचे आणि जिवासाठी रग्बी क्लब चालवायचे. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"नाही," ते म्हणाले. "एक दमडीही नाही. हा हौशी क्लब आहे, पोरी. इथे खेळणारा वर्गणी देतो, पगार घेत नाही. पहिल्या दिवसापासून."

टाळ्या पडल्या. म्हातारे कोच, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते मांडीवर थाप मारून ओरडले, "सेक्रेटरी, सांभाळा! ही पुढच्या वर्षी तुमचीच खुर्ची ओढणार!"

सगळे हसले. ठिणगीही हसली. पण हसता हसता तिने दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे बाबांनी उत्तर चहाच्या भांड्याकडे बघून दिलं होतं. आणि दुसरी म्हणजे शेवटच्या बाकावरचा डोंगर, जो एकटा बसला की तिघांचा बाक भरायचा, तो टाळ्या चालू असतानाच उठला आणि दाराखालून मान वाकवून बाहेर गेला. चहा न घेता. डोंगर चहा कधी सोडत नसे.

वर्षापूर्वी ठिणगीने असं काही केलं असतं, हे सांगून कुणाला पटलं नसतं. शाळेत हजेरीला ती 'हजर' म्हणायची ते शेजारच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. बाई दोनदा गैरहजेरी लावून मोकळ्या झाल्या होत्या. मग क्लबात मुलींचा संघ निघाला आणि मास्तरांनी तिला बरोब्बर ती जागा दिली जिथे गप्प राहून चालतच नाही. आठ विरुद्ध आठ पोरी खांद्याला खांदा भिडवून एकमेकींना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्या सोळा जणींच्या पायांतून चेंडू मागे सरकला की तो उचलून फेकायचं काम सगळ्यात छोट्या पोरीचं. आणि फेकायच्या आधी ओरडायचं, की कुठे, कुणाकडे, कधी. पहिल्या महिन्यात घसा बसला. दुसऱ्या महिन्यात आवाज फुटला. तिसऱ्या महिन्यात मास्तर म्हणाले, "ही तर ठिणगी आहे रे," आणि झालं, नाव पडलं. या क्लबात आईबापांनी ठेवलेलं नाव फाटकाबाहेर ठेवूनच आत यायचं असतं.

सभा संपल्यावर पिन तिच्या दंडाला लटकली. पिन म्हणजे हाडांचा सापळा आणि जिभेला टोक. "जिंकलीस बाई. घासते तुझे बूट. पण माझा दादा खोटं बोलतो का?"

पिनच्या दादाची मोठ्यांच्या संघातली जागा डोंगर आल्यापासून गेली होती आणि तो घरात येता-जाता पुटपुटायचा, की तो डोंगर फुकट थोडाच खेळतोय. सगळी पैज तिथूनच निघाली होती.

"बाबा म्हणाले ना नाही? मग नाही."

"बरं. मग एक सांग. तो जर्सी का धुवत नाही?"

गोगलगाय, जी बोलायला वेळ घ्यायची पण स्क्रममध्ये भिंतीसारखी उभी राहायची, ती बिस्किट चघळत म्हणाली, "खरंच की. त्याचा नंबर कधी आलाच नाही."

ठिणगीची नजर दारामागच्या फळ्याकडे गेली.

कारण जर्सी धुणं ही या क्लबातली साधीसुधी गोष्ट नव्हती. सामना झाला की तेवीस जर्स्या, चिखलाने काठीसारख्या ताठ झालेल्या, एका मोठ्या निळ्या पिशवीत कोंबायच्या. ज्याचा नंबर असेल त्याने मंगळवारी ती घरी न्यायची, धुवायची, वाळवायची, घड्या घालायच्या आणि पुढच्या सामन्याआधी स्वतःच्या हाताने एकेकाला वाटायची. वाटताना दोन शब्द बोलायचे. बहुतेक जण विनोदच मारायचे. दाताच्या डॉक्टरांनी धुतल्या होत्या, पोस्टमनने धुतल्या होत्या, मास्तरांनी तर हात प्लास्टरमध्ये असताना पायाने तुडवून धुतल्या होत्या. जो धुतो तो आपला, एवढा एकच नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि सगळ्यांना पाठ होता.

यादी दारामागच्या फळ्यावर असायची. आणि ती लिहायची ठिणगी, अक्षर मोत्यासारखं म्हणून, दहा वर्षांची असल्यापासून. डोंगर आला तेव्हा तिने विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "त्याचं नको घालूस. लांब राहतो तो." तिने नाही घातलं. दहा सामने झाले. स्वतःच्याच हाताने दहा वेळा तिने त्याला वगळलं होतं!

तिने खडू उचलला आणि या आठवड्यापुढे टपोऱ्या अक्षरात लिहिलं: डोंगर.

मंगळवारी सरावाला आलेला प्रत्येक जण दारामागे डोकावून गेला आणि मुकाट्याने बूट घालू लागला. एरवी ज्या खोलीत कान किटायचे तिथे नाड्या ओढल्याचा आवाज येत होता. मग डोंगर आला. फळ्यासमोर उभा राहिला तर फळा दिसेनासा झाला.

"हे माझं नाव?"

"हो," ठिणगी म्हणाली.

"म्हणजे काय करायचं?"

"पिशवी न्यायची, धुवायच्या, वाळवायच्या. शनिवारी वाटायच्या. आणि वाटताना दोन शब्द बोलायचे."

"बोलायचं पण?" डोंगरच्या कपाळावर घाम आला. समोरून बारा जण अंगावर धावत आले तरी त्याला कधी आला नव्हता.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. "पूस ते."

"का?"

"सांगितलं होतं ना? लांब राहतो तो."

"दोनच स्टॉप, साहेब," डोंगर म्हणाला. अगदी साधेपणाने.

कुणीतरी खुदकन हसलं आणि हसू अर्ध्यातच गिळलं. ठिणगीने बाबांकडे पाहिलं. साहेब! या क्लबात बाबांना लोक सेक्रेटरी म्हणत, अरे म्हणत, चिडले की नळवाले म्हणत. साहेब म्हणणारा हा एकटाच होता. आणि तेही तिला आजच ऐकू आलं होतं.

डोंगरने निळी पिशवी उशीसारखी खांद्यावर टाकली आणि मागच्या नळापाशी बूट धुवायला गेला. ठिणगी त्याच्या मागे गेली. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवून विचारलं असतं तर धीरच झाला नसता.

"डोंगरदादा, तुम्हाला पैसे मिळतात?"

"मिळतात की." त्याने नळ बंद केला. "तुला माहीत नव्हतं? अगं, रविवारी तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, मला हाकलायलाच विचारतेस."

"बाबा तर नाही म्हणाले."

"ते ऐकूनच उठलो." तो बुटाच्या तळातला चिखल काडीने काढत राहिला. "हे बघ, मी लोकांचं सामान हलवतो. घर बदलणारे सगळे शनिवारीच बदलतात. शनिवारचा रोज दुप्पट. तो सोडून मी इथे येतो. दोन पोरं आहेत मला, त्यांना शनिवारीही भूक लागते. तुमचे डॉक्टर शनिवारी दवाखाना बंद ठेवून येतात, त्यांना कोण विचारतं? मी साहेबांना आधीच म्हटलं होतं, मला खेळायचे नकोत. न उचललेल्या कपाटांचे तेवढे द्या. ते हो म्हणाले."

ठिणगीला रागवायचं होतं. पण राग कुठे ठेवावा ते कळेना. माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

"कुठून देतात?"

"ते मी कशाला विचारू? पाकिटातून देतात." त्याने खिशातून एक पाकीट काढलं, त्यात आता बसचा पास होता. पिवळं पाकीट. घरी चिकटवलेलं. कोपऱ्यावर बटाट्याचा छाप मारून उमटवलेलं गोगलगायीचं चित्र, आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात: 'निळी गाडी, मागचा दिवा फुटका. गाडी चकाचक, आभार!'

अक्षर तिचंच होतं.

तीन महिने. तीन महिन्यांचे रविवार मुलींच्या संघातल्या बावीस जणींनी मैदानाच्या फाटकाशी उभं राहून गाड्या धुतल्या होत्या आणि गाडीगणिक मिळालेले पैसे असल्या एकेका पाकिटात घातले होते. बोटांच्या सुरकुत्या सोमवारी शाळेतही जात नव्हत्या. कारण मुलींना कपडे बदलायला जागा नव्हती. गवत कापायच्या यंत्राच्या शेडमध्ये, पेट्रोलच्या वासात, आलटून पालटून दोघींनी दार धरून उभं राहायचं. दाराला कडी नाही. गेल्या हिवाळ्यात दार सुटलं आणि पाहुण्या संघाची चार पोरं समोर उभी होती. गोगलगाय त्यानंतर महिनाभर आलीच नाही. तेव्हा ठरलं: खोली बांधायची. कडीची. गरम पाण्याची. गवंडी ठरला होता, सोमवारी त्याला आगाऊ रक्कम द्यायची होती. पाकिटं एका पत्र्याच्या डब्यात, आणि डबा सेक्रेटरींकडे, कारण त्यांच्याइतका सरळ माणूस कुणाच्या ओळखीत नव्हता.

घराच्या मागच्या बाजूला बाबांची कामाची खोली होती. पाइपांचे तुकडे, वायसरांच्या बरण्या, तोट्या, सगळं मापाप्रमाणे लावलेलं. ठिणगी स्टुलावर चढली. डबा वरच्या फळीवर होता. हातात घेतला तेव्हाच कळलं. तळाशी काही पाकिटं सरकली, सुकलेल्या पानांसारखा आवाज करत.

"खाली उतर. पडशील."

बाबा दारात होते. हातात पाना, तसाच.

"किती राहिलेत?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता पण वर्षापूर्वीचा.

"आठ पाकिटं." त्यांनी पाना जागेवर टांगला. "भरणार आहे मी ते. फरशीवाल्याने शब्द दिलाय. आपण वरच्या गटात टिकलो की तो पुढचं वर्षभर क्लबाला पैसे देणार, जर्सीवर त्याच्या दुकानाचं नाव. पहिल्याच हप्त्यातून डबा भरतो."

"आणि टिकलो नाही तर?"

"म्हणून तर डोंगर पाहिजे." ते स्टुलापाशी आले. "ऐक. शनिवारचा सामना जिंकलो तर टिकलो. हरलो तर खाली. खालच्या गटातल्या क्लबाला पालिका मैदान देत नाही, तिथे गाड्यांचा तळ करणार आहेत. मैदानच गेलं तर तुमची खोली कुठे बांधू? हवेत? मी तुमच्याचसाठी..."

"आमच्यासाठी आमचेच घेतले?"

कुंपणानेच शेत खाल्लं तर शेताने तक्रार कुणाकडे करायची, असं काहीतरी मराठीच्या पुस्तकात होतं. तेव्हा त्याचा अर्थ लिहून तिने दोन गुण मिळवले होते.

"पाकीट तरी बदलायचं," ती म्हणाली. रडू येत होतं आणि तेवढ्यात हेच सुचलं.

"चांगलं होतं ते," बाबा म्हणाले. "फेकवेना." आणि ते खरंच होतं. हा माणूस झिजलेला वायसरही बरणीत टाकून ठेवायचा.

"आणि फळ्यावर त्याचं नाव का नको होतं? खरं सांगा."

या प्रश्नाला मात्र बाबा खाली बसले, पाइपांच्या ढिगावरच. "ज्याला पैसे देतो त्याच्याकडून ते काम कसं मागायचं? ते आपल्या माणसाचं काम. त्याला सांगायला गेलो ना, तर तोंडच उघडेना. आणि धुणं आपल्या माणसाचं म्हटलं, तर मग तो कोण? तेही सांगवेना." त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. "लीग हौशी क्लबांची आहे, तिला कळलं तर त्याने खेळलेल्या दहाही सामन्यांचे गुण जातील. सगळं संपेल. शनिवारपर्यंत गप्प राहा. फक्त शनिवारपर्यंत. आईलाही नको."

ती गप्प राहिली. बुधवार, गुरुवार. हौसेने आलेला आवाज घशात खाली ढकलणं किती कठीण असतं ते तिला त्या दोन दिवसांत कळलं. मधल्या सुट्टीत पिन आणि गोगलगाय तिच्यासमोर वही उघडून बसायच्या. वहीत खोली होती: खिडकी उंचावर, खुंट्या बावीस, दाराचा रंग अजून ठरत नव्हता.

"पिवळा," पिन म्हणायची.

"पिवळा मळतो. हिरवा," गोगलगाय म्हणायची. "ए ठिणगे, सोमवारी गवंडीकाका येणार ना नक्की? बाबांना विचारलंस?"

"विचारते."

"तोंडात मूग भरलेत का तुझ्या? काल पण विचारते म्हणालीस. पैज जिंकून तुझी अक्कल गेली काय?" पिनने ठिणगीच्या बुटांचा जोड बाकावर आपटला. चकचकीत घासलेला, अगदी टाचेच्या खाचेतला चिखलसुद्धा टोकरून काढलेला. पिनने पैज पाळली होती. ते बूट हातात घेताना ठिणगीला वाटलं, आपण चोरीचा माल घेतोय.

शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. आईने उघडलं. आई शहराची बस चालवायची. नुकतीच पाळीवरून आली होती, अंगात अजून खाकी जाकीट होतं. दारात डोंगर, छातीशी निळी पिशवी लहान बाळासारखी धरून.

"साहेब आहेत का? जरा घोटाळा झालाय."

त्याने एक जर्सी उलगडली. क्लबाची जर्सी हिरवी, तिच्यावर पांढरे पट्टे. ते पट्टे आता गुलाबी होते. पोरीचा लाल स्वेटर चुकून आत राहिला होता. तेवीसच्या तेवीस जर्स्या, सुरेख घड्या घातलेल्या, गुलाबी पट्ट्यांच्या.

आईला हसू आवरेना. "अहो, छान दिसतंय की! समोरचे हसून हसूनच हरतील."

डोंगर हसला नाही. बाबा आतून आले तसा तो जर्सीची घडी परत घालत म्हणाला, "साहेब, या शनिवारचं पाकीट नको. जर्स्यांची नुकसानी धरा त्यात. पण पुढच्या शनिवारपासून मला कामावर जावं लागेल, दर वेळी असं बिनपैशांचं जमायचं नाही." मग ठिणगीकडे वळून, खालच्या आवाजात, "आणि ते दोन शब्द तूच बोल ना. मला नाही येत. माझ्या वतीने."

"कसलं पाकीट?" आई म्हणाली.

दोन साधे शब्द. डोंगरने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा पायपुसण्याकडे, आणि पिशवी आईच्या हातात देऊन "येतो" म्हणून जिना उतरला. आईने दार लावलं. ती बस थांब्यावर लावताना लावते तसं, हळू आणि नेमकं.

जेवणाच्या टेबलावर ताटं वाढलेली होती. तिघंही बसले, कुणी जेवेना. बाबांनी सांगितलं. अर्धं सांगितलं. उरलेलं त्यांना जमेना तेव्हा ते पाण्याचा पेला फिरवत बसले.

"पोरींचे," आई म्हणाली. "पोरींचे पैसे, अहो."

"भरणार आहे मी."

"माझ्या बसमध्ये तिकीट न काढलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. पुढच्या स्टॉपला काढणार आहे." ती ठिणगीकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आणि तू गप्प होतीस? तू?"

"मीच सांगितलं होतं तिला," बाबा म्हणाले. "फक्त उद्यापर्यंत. उद्या जिंकू दे, मग मी स्वतः सगळ्यांना सांगतो. शपथ."

आई पिशवीतल्या गुलाबी पट्ट्यांकडे बघत राहिली. ठिणगीला कळलं की आईलाही क्षणभर तेच वाटलं: एकच तर दिवस. एका दिवसाने काय होतंय. उद्या सामना, परवा रविवार, सगळं निवांत. आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं तरी कुणाला?

ठिणगीने पिशवीतली वरची जर्सी काढली. नऊ नंबर, तिच्या जागेचा, पण मोठ्यांच्या संघातला. साबणाचा वास येत होता. डोंगरने बाह्या आत दुमडून, कॉलर वर ठेवून घडी घातली होती. क्लबात इतकी नीट घडी आजवर कुणीच घातली नव्हती, डॉक्टरांनीही नाही. मनात ती सामना खेळून पाहू लागली. आधी जिंकून पाहिला. मग हरून पाहिला. दोन्हींचा शेवट तिला आवडला नाही.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज परत आलेला तिलाच ऐकू आला. "जिंकल्यावर सांगितलंत तर कुणी ऐकणारच नाही. तुम्हाला खांद्यावर घेतील. म्हणतील, जाऊ दे रे, झालं ते झालं, आणि पोरी काय, धुतील अजून चार गाड्या. आणि हरल्यावर सांगितलंत तर सगळे डोंगरदादाच्या मानेवर बसतील. म्हणतील, पैसे खाल्ले आणि हरवलं. पिनचा दादा तर पहिला म्हणेल. म्हणजे सांगायचं तर आधीच. सामन्याच्या आधी."

"गुण जातील," बाबा म्हणाले. "तुला कळतंय का? मैदान जाईल. अठरा वर्षं मी..."

"कळतंय."

"अगं, तुमची खोली..."

"कळतंय, बाबा. सगळं कळतंय. पिनने खुंट्यासुद्धा मोजल्यात." स्क्रममागे उभं राहून ती शिकली होती, की श्वास संपायच्या आत सांगून टाकायचं. "मी ठरवलंय. उद्या सकाळी मी आधी पिनला आणि गोगलगायीला सांगणार, मग संघातल्या सगळ्याजणींना. पैसे त्यांचे आहेत, त्यांना पहिल्यांदा कळायला पाहिजे. मग जर्सी वाटताना सगळ्यांना. दोन शब्द माझ्याकडे आलेच आहेत. डोंगरदादाला काय मिळत होतं, का मिळत होतं, कुठून मिळत होतं, सगळं. कपाटांचंसुद्धा. लीगला कळवायचं की नाही, तो खेळणार की नाही, ते चाळीस जणांनी ठरवावं. एकट्याने नाही. आणि चाळीसही जण म्हणाले ना, की गप्प बसू या, तर माझी जर्सी मी या पिशवीत टाकून घरी येईन."

आईने हात पुढे करून बाबांच्या हातातला फिरणारा पेला थांबवला.

"तुम्ही सेक्रेटरी आहात," ठिणगी म्हणाली. "तुमचा मान पहिला. उद्या तुम्ही उठून बोललात, तर मी खाली बसून ऐकेन. नाही उठलात, तर मी बाकावर चढणार."